नाथाजीच्या चक्रीतला ठेंगणा घोडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी घोडा आहे. माझा एक कान तुटला आहे. पाठीवरचा लाल रंग उडून खालचं आंब्याचं लाकूड दिसू लागलं आहे. आता मी इस्लामपुरात नाथाजीच्या छपरात, उसाच्या चिपाडांशेजारी पडून असतो. एक कोंबडी रोज दुपारी माझ्या पाठीवर येऊन बसते, तेवढीच मला सोबत. पण एके काळी मला बघून लेकरं आईच्या कडेवरून खाली झेप घेत, हे तुम्हाला खरं वाटेल का?

मला कोंडीबा सुतारानं घडवलं. नाथाजीला जत्रेत हातानं फिरवायची चक्री हवी होती. मधे एक उंच खांब, खांबाला आडवे दांडे आणि दांड्यांना टांगलेले घोडे. सात घोडे झाले आणि लाकूड सरत आलं. उरलेल्या ओंडक्यातून कोंडीबानं मला काढलं. म्हणून माझे पाय आखूड आणि पाठ ठेंगणी. मला पाहून नाथाजी हसला.

"कोंडीबा, घोडा सांगितला हुता. ह्ये तर शिंगरू झालं की रं!"

कोंडीबा रंध्यातली ढलपी काढत म्हणाला, "आसू दे. बारक्या लेकरांनी मग कुठं बसायचं?"

त्यानं मला घायपाताच्या वाखाची आयाळ लावली, काजळासारखे काळे डोळे काढले, आणि मी जत्रेला निघालो.

सुगी सरली की आमची बैलगाडी रस्त्याला लागे. आज तासगावकडं, उद्या साताऱ्याच्या वाटेला. गावोगावच्या देवळांपुढं आम्ही उभे राहत असू. नाथाजी दांड्याला खांदा लावून चक्री ढकलायचा आणि गळा मोकळा सोडून गायचा:

चल रं घोड्या कृष्णाकाठी,
गवत हिरवं तुझ्यासाठी;
लेकरू माझं पाठीवरी,
जपून आण माघारी घरी.

मोठी पोरं उंच घोड्यांसाठी भांडत. आया मात्र थेट माझ्याकडं येत. "ह्यो ब्येस हाय, पडलं तरी लागायचं न्हाई," असं म्हणत. ही माझी थोरवी! दात येणारी लेकरं माझा कान चावत. कुणी गुळाचे हात माझ्या मानेला पुसत. मला ते सगळं आवडायचं.

एक गोष्ट मात्र मी वर्षानुवर्षं पाहत आलो. दीड-दोन वर्षांच्या लेकराला जत्रा ती काय कळणार? ते माझ्या पायाशी चाललेल्या मुंगळ्याकडं बघत बसतं. आणि मोठी माणसं त्याची हनुवटी धरून मान वळवतात. "तिकडं बघ की, पाळणा बघ!" लेकरू पुन्हा मुंगळ्याकडं बघतं. मग मोठ्यांना राग येतो. एवढ्या लांब चालत आलो ते मुंगळा बघायला का?

बांगलादेशची लढाई संपली, त्यानंतरच्या चैत्रातली ही गोष्ट आहे. तासगावजवळच्या एका गावाची जत्रा होती. आकाराम नावाचा फौजी रजेवर आला होता. तो सीमेवर असतानाच त्याच्या घरी मुलगा जन्मला होता, सिद्धू. आकारामनं लेकाला या रजेतच पहिल्यांदा पाहिलं. पण सिद्धू काही त्याच्याजवळ जाईना. मिशीवाला अनोळखी माणूस दिसला की तो आईच्या पदरात तोंड लपवी. रजा संपत आली होती. दुसऱ्या दिवशी आकारामला मिरजेहून गाडी धरायची होती.

जत्रेच्या दिवशी सकाळीच देवळापुढं सिद्धूचं जावळ काढलं होतं. रिवाजाप्रमाणं तो मामाच्या, म्हणजे ज्ञानूच्या मांडीवर बसला होता. ज्ञानूनं त्याला घट्ट धरलं, न्हाव्यानं गळ्याभोवती पांढरा पंचा बांधला आणि वस्तरा फिरवला. लेकरू रडून रडून लाल झालं. डोकं पुरतं गोटा झालं. आणि तिथून सगळे सरळ आमच्या चक्रीकडं आले.

सिद्धूची आई अंजना म्हणाली, "आवं, लेकरू दमलंय. जरा सावलीला निजू द्या की."

आकाराम म्हणाला, "निजला तर दिवस गेला, अंजना. उद्या मी न्हाई. कुशीत येत न्हाई, तर घोड्यावर तरी माझ्या हातानं बसू दे."

त्यानं लेकराला उचलून माझ्या पाठीवर ठेवलं. सिद्धू हुंदके देत होता, पण त्यानं माझी आयाळ मुठीत धरली. मला वाटलं, आता जमलं. तेवढ्यात नाथाजीनं रोजच्या सवयीनं खांद्यावरचा पांढरा पंचा काढला. बारकं लेकरू घसरू नये म्हणून त्याच्या कमरेला तो बांधत असे.

पंचा दिसताच सिद्धूनं दोन्ही हात डोक्यावर दाबले आणि किंकाळी फोडली.

भोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "काय मेजर! तुमी तोफंला न्हाई भ्यालासा, आन पोरगं लाकडाच्या घोड्याला भितंय व्हय?"

लोक हसले. आकारामचं तोंड उतरलं. "फिरवा हो," तो नाथाजीला म्हणाला. "एकदा फिरली की गप हुईल."

नाथाजीनं पंच्याची गाठ मारली आणि चक्री फिरू लागली. मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण पाठीवरच्या लेकराची थरथर मला कळते. घोड्याची भीती अशी नसते. ते लेकरू डोकं वाचवत होतं.

अंजना गर्दीतून पुढं घुसली. "आवं, त्यो घोड्याला भ्येत न्हाई! पंच्याला भितोय! सकाळी असाच बांधला हुता. त्याला वाटतंय, परत वस्तरा आला!"

 आकाराम पुढं झाला आणि त्यानं फिरता दांडा दोन्ही हातांनी धरला. चक्री कचकन थांबली. त्यानं गाठ सोडली, पंचा लांब भिरकावला आणि लेकराला खाली मातीत उतरवलं. त्याला उचललं नाही, ओढलं नाही. नुसता समोर मांडी घालून बसला.

"आता कुणी न्हाई धरायचं तुला," तो म्हणाला. मग त्यानं टोपी काढली आणि डोकं पुढं वाकवलं. "ह्ये बघ. माझं बी कापल्यात."

फौजी कापणीचं ते बारीक केसांचं डोकं. सिद्धू रडता रडता थांबला. त्यानं एक हात आपल्या गोट्यावर फिरवला, मग दुसरा बापाच्या डोक्यावर. खरखर लागली तसा हात मागं घेतला. पुन्हा फिरवला. आणि हसला.

तो माझ्यावर बसला नाहीच. आपणहून बापाच्या कडेवर गेला आणि तिथून पुन्हा फिरू लागलेल्या चक्रीकडं बघत राहिला. मी समोर आलो की माझ्याकडं बोट करी, मी गेलो की पुन्हा माझी वाट बघे. ऊन चढलं तसं त्याचं डोकं आकारामच्या खांद्यावर टेकलं.

ज्ञानूनं हात पुढं केले. "आणा दाजी, माझ्याकडं द्या. हात भरून आलं आसतील."

सिद्धूनं मान वळवून बापाच्या गळ्यात तोंड लपवलं.

"ऱ्हाऊ दे रं," आकाराम म्हणाला. "उद्यापास्नं रिकामंच हायेत."

ती माणसं मला पुन्हा दिसली नाहीत. पुढं जत्रेत मोटारीवर फिरणारे मोठे पाळणे आले. त्यांना दिवे होते, भोंगा होता. नाथाजीचा खांदा दुखू लागला. एके दिवशी बैलगाडीतून उतरवताना माझा कान तुटला आणि तो कुणी बसवला नाही.

मला पुन्हा रंगवा, असं मी म्हणणार नाही. नाथाजीला वाटलं तर तो रंगवील. तुम्हाला एकच सांगायचं आहे. तुमच्या धाकट्या भावंडाला कुणी जत्रेला नेलं, तर तुम्ही त्याच्याजवळ राहा. ते रडलं तर हसू नका. कशाला भितंय, ते आधी विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर त्याचे हात कुठं जातात ते बघा. मोठी माणसं घाई करतील. त्यांना सांगा, घोडा कुठं पळून जात नाही. चक्रीतला घोडा तो, फिरून फिरून तिथंच येतो. आज लांबून बघू द्या. बसेल त्याच्या मनानं, पुढच्या जत्रेला.