निबंधातले आबा

त्या रविवारी बाबा नंदनवन वस्तीतल्या घरी गच्चीवर उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. शेजारी माझी भाची अदिती लॅपटॉप घेऊन अमेरिकेतल्या एका कॉलेजचा अर्ज भरत होती. शंभरातली चारपाचच मुलं घेणारं कॉलेज. ती तिच्या आबांना, म्हणजे बाबांना, समजावत होती.

“नुसते मार्क नाही पाहत आबा. निबंध पाहतात, शिक्षकांची पत्रं, शाळेबाहेर काय केलं ते. काही ठिकाणी आईवडील तिथेच शिकलेले असले तरी फायदा होतो.”

“मंग हे तं स्थळ पाहणं झालं,” बाबा म्हणाले. “पोरगी चांगली हाये, पन मामा काय करते?”

“आणि फी भरायची ऐपत आहे का, तेही काही कॉलेजं बघतात,” मी म्हटलं.

“म्हंजे हुंडाही हाये म्हना!”

सगळे हसलो. माझा भाऊ जितेंद्र मात्र हसला नाही. मुलीला एवढ्या दूर पाठवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“जाऊ दे गा तिले. काहून अडवून राहिला?”

मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले आणि अर्जाची मुदत जवळ आली. अर्जासाठी लावलेल्या सल्लागार मॅडमनी अदितीला तिचा आधीचा निबंध परत केला. रोबोटिक्सवर सगळेच लिहितात, म्हणाल्या. आजोबांवर लिही, दुःख ताजं आहे, मनापासून उतरेल.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून तपासायचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यभर इतकं वाचलं, त्यात कितीतरी माणसं मेली. त्यातलं काहीच आता उपयोगी पडत नव्हतं. निबंधातले आबा खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून राखेने माखून घरी येत आणि घरातल्या प्रत्येक मुलीला शिकवायची स्वप्नं पाहत. मी स्वल्पविराम दुरुस्त केले. त्यापलीकडे काही करायची ताकद नव्हती.

“आत्या, मॅडमना एक प्रसंग पाहिजे,” अदिती म्हणाली. “नुसतं ‘मुलींनी शिकावं असं त्यांना वाटे’ म्हणून नाही चालत. तुझा सांग ना. घरातली पहिली एम.ए. तूच.”

“बाबांनी सायकल घेऊन देली होती ना तुले?” जितेंद्र म्हणाला.

“ती तुझी होती. तुला मोटरसायकल आली, तेव्हा मला मिळाली.”

“आता ते काहून काढून राहिली? पोरीच्या सीटचा सवाल हाये. काहीतरी गोड सांगून दे. बाबा थोडेच वाचायले येऊन राहिले!”

बोलून गेला आणि स्वतःच खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“माझ्याबद्दल ते ‘जाऊ दे’ म्हणाले होते,” अदिती हळूच म्हणाली. “ते खोटं नाही ना?”

“नाही. ते खरं आहे. तेच लिही.”

“त्यात आबा दोनच वाक्यं बोलले. मॅडम म्हणतील, एवढंच?” तिची बोटं लॅपटॉपवर तशीच थांबली होती. “तुला काय म्हणाले होते?”

सायकलचा प्रसंग छान रंगवता आला असता. इतकी वर्षं तेच केलं होतं.

“दिल्लीच्या विद्यापीठाच्या प्रवेशयादीत माझं नाव लागलं होतं,” मी म्हटलं. “रात्री जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, इथंही कॉलेज आहे. मी ‘बरं’ म्हटलं आणि त्यांना भात वाढला.”

जितेंद्र वळला. “मले तं कोणी सांगितलंच नाही. तुले जायचं आहे हे बाबाले तरी माहीत होतं का?”

“त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही.”

अदितीने लॅपटॉप बाजूला सरकवला.

“मला जायचं होतं,” मी म्हटलं. आवाज वाटला त्याहून मोठा निघाला. “बाबा, मला खूप जायचं होतं.”