शेवटचा आयतार

"आयतार धरलो तर मदीच मोडूचो नाय. आपल्याक जमाक नाय, तर दुसऱ्या सवाशिणीच्या हातान पुरो करूचो."

पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसताना देवकीला सासूबाईंचा आवाज आठवला आणि हात थांबला. श्रावणातला हा शेवटचा रविवार, आयताराच्या व्रताचा शेवटचा दिवस. आज वायन, म्हणजे नैवेद्याचं वाण, नेऊन नदीपलीकडच्या देवळात ठेवायचं. पण आपण सवाशीण आहोत का, हे कुणाला विचारायचं?

एकाच अंगणापलीकडे धाकट्या जावेचं, सुलोचनेचं बिऱ्हाड. तिथे तिच्या नवऱ्याच्या, सगुणच्या फोटोला रोज ताजा अबोलीचा हार असायचा. देवकीची नजर त्या हारात अडकायची.

आषाढात एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला आणि नदी मळ्यात शिरली. दावणीची गुरं सोडायला देवकीचा नवरा महादेव आणि सगुण, दोघे भाऊ गेले, ते गोठ्यासकट वाहून गेले. चौथ्या दिवशी बांधाजवळ एक जण सापडला. दोघी जावा धावल्या. दंडावरचा सगुणचा ताईत ओळखून सुलोचनेनं हंबरडा फोडला. महादेवचा पत्ताच नव्हता, आणि देवकीला तिचा हेवा वाटला. देवापुढे बसून तिनं कितीदा माफी मागितली. हेवा गेला नाही. सगुणच्या दहाव्याला कावळा शिवला. बायका सुलोचनेच्या गळ्यात पडून रडल्या. त्याच बायका देवकीकडे आल्या की मंगळसूत्राकडे बघून पावसापाण्याचं बोलायच्या. महादेवच्या वाटणीचे मूठभर तांदूळ ती अजून भाताला टाकायची, आणि उरलेला भात रोज शेजाऱ्यांच्या गाईला घालायची.

त्यात हल्ली सकाळी देवकी तुळशीपाशी आली, की सुलोचना दार लोटून घ्यायची. दुःखसुद्धा झाकून ठेवते, असं देवकीच्या मनात यायचं.

आज मात्र तीच अंगण ओलांडून आली. हातात पत्रीनं भरलेलं सूप. पायरीखालीच उभी राहिली.

"वयनी, माझा पाचवा वर्स. आदले आयतार चुकले, ह्यो एकच रवलो. माझ्या नावान तू करशीत?"

"माका कोण सवाशीण म्हणतला गो?"

सुलोचना सुपातली पानं सारखी करत राहिली.

"रोज सकाळी तुझा कपाळ बघतंय. बघवना नाय. मगे दार लोटून घेतंय."

देवकीनं तिच्याकडे पाहिलं. पाट पुढे सरकवला, पण सुलोचना बसली नाही.

"करतंय," देवकी म्हणाली. "दुपारच्या आधी देवळात पावतं करतंय."

आरशापुढे तिनं कुंकवाचा करंडा उघडला. मग रोजच्याएवढंच, नीट गोल कुंकू लावलं.

दोन वायनं केळीच्या पानानं झाकून ती निघाली. देवळाकडे जायला नदीवरचा साकव ओलांडावा लागे. सगुण सापडला त्या दिवसापासून ती नदीकडे फिरकली नव्हती. वळणावर थांबून तिनं मागे पाहिलं. सुलोचनेचं दार उघडं होतं.

तिनं निऱ्या वर खोचल्या आणि साकवावर पाऊल ठेवलं.