परत विचारतील म्हणून

उदगीरच्या रेवणप्पांच्या घरी कुणी चहा विचारला, की पाहुण्यानं आधी "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं, की "आवो, कशाला तरास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं, की "बरं, टाका अर्धा कप" म्हणून बशीभर भुरकायचा. एकट्या रेवणप्पांच्याच घरी कशाला, सगळ्या मुलखात हीच रीत. पहिल्या हाकेला हात पुढं केला तर लोक हावरट म्हणतात. आणि हावरट म्हणवून घेण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, हे रेवणप्पांच्या बायकोनं, रत्नम्मानं, आपल्या लेकीला, मंजुषाला, दात यायच्या आधीपासून शिकवलेलं. पोरगी पण अशी गुणाची, की लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं एकदाच विचारून पुढं जावं आणि हिनं शेजारणीच्या ताटातली बुंदी बघत बसावं.

बुंदी गेली तर गेली हो. पण फिनलंड?

मंजुषा नांदेडला विद्यापीठात शिकत होती. मातीतले जिवाणू हा तिचा विषय. फिनलंडमधल्या एका विद्यापीठाशी त्यांचा करार होता, इकडचं एक पोरगं सहा महिने तिकडं शिकणार, तिकडचं एक इकडं. खर्च सगळा त्यांचा. पोरीनं त्यासाठी वर्षभर जिवाचं रान केलं. इंग्रजीची परीक्षा दिली, निबंध लिहिले, पासपोर्टसाठी खेटे घातले. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून रेवणप्पा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोरगी परदेशात चाललीय." अजून कशाचा पत्ता नव्हता, पण बापाचा उत्साह!

मुलाखत नांदेडला तिच्या विभागातल्या संगमेश्वर सरांच्या खोलीत, लॅपटॉपवर झाली. समोर फिनलंडच्या एक प्राध्यापक बाई. मंजुषा आपल्या काळ्या मातीबद्दल अशी काही बोलली, की बाई पुढं वाकून ऐकायला लागल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "जागा एकच आहे. दुसऱ्या एका कॉलेजातला मुलगाही आहे, पण आम्हाला तू जास्त आवडलीस. तुला यायचंय का?"

झालं! घरची शिकवण कामाला आली. मंजुषानं मान खाली घातली आणि म्हणाली, "त्याला दिली तरी चालेल, मॅडम. माझं काय, मी इथंच बरी आहे."

आणि वाट बघत बसली. बाई "स्पष्ट सांगितलंस, बरं झालं," म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

कोपऱ्यात बसलेल्या संगमेश्वर सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बये! नको म्हणालीस?"

"सर, त्या परत विचारतील ना?"

"कशाला विचारतील? त्यांच्याकडं नको म्हणजे नको. भीड ही भिकेची बहीण असती, मंजुषा! आता मी त्यांना कळवतो की पोरीला बोलायचंय. उद्या दुपारी त्या नाव पक्कं करणार. त्याच्या आत तुझ्या तोंडानं सांग."

"कोणत्या तोंडानं सांगू सर? एकदा नको म्हणून परत मागायचं?"

तिला रडू आवरेना. तशीच उठून एसटी धरली आणि दिवेलागणीला उदगीरला घरी आली. रत्नम्मा भाकरी थापत होती. मंजुषानं उंबऱ्यातूनच सगळं ओकून टाकलं आणि वर म्हणाली, "तूच शिकवलंस, अव्वा. आता घे!"

मंजुषाला वाटलं, आई चिडेल, नाहीतर "जाऊ दे, नशिबात नव्हतं" म्हणेल. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी रत्नम्मानं उलथली नाही.

"बारावीला मी वर्गात पहिली आलते," ती म्हणाली. "माझ्या बापानं एकदा इचारलं, 'रत्ना, लातूरला डीएडला जातीस का?' मी खाली बघून म्हनलं, 'नको.' वाटलं, आता परत इचारतील. तर ते 'बरं' म्हनले अन् शेताकडं गेले."

"मग तू सांगायचं होतंस ना!"

"कसं सांगू? रोज वाटायचं, आज इचारतील. तेवढ्यात तुझ्या आप्पाचं स्थळ आलं." रत्नम्मानं पदरानं तोंड पुसलं. "खोटं कशाला बोलू, अजून कधी कधी वाटतंय कुनीतरी इचारावं."

आईला शिकायची आवडच नव्हती, असं ती आजवर धरून चालली होती. तिला आईची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

"ऊठ," रत्नम्मा म्हणाली. "माझ्यासमोर म्हन. पाहिजे."

"पाहिजे."

"अशी पुटपुटू नको. आप्पाच्या दुकानात गिऱ्हाईक कसं मागतंय? तसं म्हन!"

"पाहिजे!"

"काय पाहिजे गं?" बाहेरून रेवणप्पा ओरडले.

"फिनलंड!" मायलेकी एकदम म्हणाल्या, आणि डोळ्यात पाणी असताना दोघींना हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी नांदेडहून फोन जुळवून दिला. तूरडाळीच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि रत्नम्मा बाईंना दिसणार नाही अशी भिंतीला लागून बसली.

"काल तू नको म्हणालीस," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडं पहिल्यांदा नको म्हणायची रीत आहे, मॅडम. तुम्ही परत विचाराल म्हणून थांबले होते." मंजुषाचे कान तापले होते, तरी ती थांबली नाही. "मला यायचंय. ती जागा मला पाहिजे."

बाई हसल्या. "बरं झालं, मी अजून नाव पाठवलं नव्हतं. ये. पण इथं कॉफी विचारली तर पहिल्या वेळीच हो म्हणत जा. नाहीतर सहा महिने कॉफीवाचून राहशील."

रेवणप्पांनी दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकं "नको, नको" म्हणत दोन-दोन उचलत होती.

निघायच्या आदल्या दिवशी रत्नम्मा बॅगेत शेंगदाण्याची चटणी कोंबत होती. विमानात वजन जास्त होईल म्हणून मंजुषा ती काढत होती, रत्नम्मा परत घालत होती.

"अव्वा," मंजुषा म्हणाली, "तू शिकतीस का पुढं?"

"चल, कायतरीच. आता या वयात?"

"शिकतीस का?"

"नको म्हनलं ना. घरचं कोण बघंल?"

मंजुषानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि समोर बसली. "अव्वा, मी परत विचारतेय. शिकतीस का?"

रत्नम्मानं दुकानाच्या दाराकडं बघितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली न बघता म्हणाली, "त्या मुक्त विद्यापीठाचा फारम कुठं भेटतो गं?"