आवाज संपेपर्यंत

मित्रांनो, मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हटकून विचारतो, "हा कसला काटा? याला दोनच दात?" मी जेवायचा काटा नाही. मी एक जुना नादकाटा आहे. पोलादाचे दोन सरळ दांडे आणि खाली एक आखूड मूठ, एवढेच माझे शरीर. गुडघ्यावर हलके आपटले की मी एकच सूर देतो. दुसरा मला येत नाही. एवढीच विद्या असणाऱ्याने आपली कहाणी सांगायला बसावे का, अशी शंका मलाही येते. पण मी जे पाहिले ते सांगणारे आता दुसरे कोणी उरलेले नाही.

मी ज्या कारखान्यात घडलो तिथे यंत्रांचा नुसता गदारोळ होता. शेवटचे काम मात्र कोपऱ्यातल्या एका बंद खोलीत होई. तिथे एक म्हातारा कारागीर एकटाच बसे. तो माझ्या टोकांवरून कानस फिरवी, मला वाजवी आणि माझा आवाज पार विरेपर्यंत जागचा हलत नसे. मग पुन्हा कानस. माझ्यासाठी त्याने एक अख्खी सकाळ दिली. खोट्या सुराचा काटा त्या खोलीतून बाहेर पडत नसे. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. पुढे तो उतरला.

मला विकत घेतले ते पियानो जुळवणाऱ्या एका माणसाने. संगीतशाळेतली मुले त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणतो. पियानोच्या पोटात दोनशेहून जास्त तारा असतात आणि त्या हळूहळू सैल पडतात. काका आधी एक तार माझ्या सुराला आणत, मग तिच्यावरून बाकीच्या. दोन सूर पुरते जुळले नाहीत, तर त्यांच्यात एक बारीक हेलकावा ऐकू येतो, कोणी पाळणा हलवावा तसा. तो थांबेपर्यंत काका किल्लीने तार आवळत. त्यासाठी त्यांना खोली रिकामी लागे. घरमालक असोत नाहीतर शाळेच्या मुख्य बाई, काका हात जोडून सांगत, "दोन तास मला एकट्याला द्या. चहा विचारायलासुद्धा येऊ नका." लोक त्यांना तुसडे समजत. पण मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला आहे. चारचौघांत अवघडून बसणारा हा माणूस रिकाम्या खोलीत आल्यावर खुलत असे.

घरच्या पियानोपाशी मात्र एका माणसाला मुभा होती, ती काकूंना. त्या दाराशी विणकाम घेऊन बसत आणि काकांनी मला उचलण्याआधीच तोंड मिटून माझा सूर गुणगुणत. मग काका मला वाजवत. दोन्ही सूर एक. हेलकावा नावालाही नाही.

"विकून टाका तो काटा," काकू म्हणत. "मी आहे ना घरात. शिवाय मला तेलपाणी लागत नाही."

"तो उलटून बोलत नाही," काका म्हणत.

"एकच तर शब्द येतो बिचाऱ्याला. उलटून बोलणार काय?"

मला राग येत नसे. पोलाद नाही, कानस नाही, तरी एखाद्याच्या गळ्यात माझा सूर राहतो, याचे मला नवल वाटे.

मग काकू आजारी पडल्या. छातीचे दुखणे होते, ते लांबले. एका सकाळी त्या अंथरुणातूनच गुणगुणल्या आणि काकांनी सवयीने मला वाजवले. मध्ये हेलकावा होता. अगदी संथ, पण होता. काकूंचा सूर खाली आला होता.

"जुळलं ना?" काकूंनी विचारले.

काकांनी मला मुठीत घट्ट धरून गप्प केले. "न जुळायला काय झालं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी घरात मला वाजवले नाही. काकू गुणगुणत आणि काका घरचा पियानो त्यांच्या सुराला आणत. महिन्यामहिन्याने काकूंचा आवाज खाली येत होता आणि काका सगळ्या तारा त्याच्यामागे थोड्याथोड्या उतरवत होते. आपला सूर पक्का आहे, एवढे तरी काकूंजवळ राहावे म्हणून. असे दोन वर्षे चालले. मी पिशवीत पडून ऐकत होतो. खोटा सूर मला सोसत नाही. तरी तेव्हा कोणी मला वाजवू नये, असेच मला वाटे.

काकू गेल्या.

त्यानंतर काकांना शांतता सोसेना. उठल्याबरोबर रेडिओ, स्वयंपाकघरात गेले की टीव्ही, कधी दोन्ही एकदम. मुलगी दुसऱ्या गावाहून फोन करी.

"बाबा, मागे कसला कालवा चाललाय? मला तुमचं ऐकूच येत नाही."

"असू दे गं. घरात माणसं असल्यासारखं वाटतं."

"मग इकडे या ना राहायला."

"येईन," काका म्हणत, आणि रेडिओ आणखी मोठा करत.

संगीतशाळेचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला तेव्हा काका तिथला पियानो जुळवायला गेले. मला त्यांनी पिशवीतून काढले नाही. मी वाजलो असतो तर काकूंच्या सुराशी होणारा तो हेलकावा पुन्हा ऐकू आला असता. शिवाय शाळेच्या ज्या रखवालदाराला ते वर्षानुवर्षे बाहेर घालवत आले, त्याच्यापुढे त्यांनी स्वतः खुर्ची सरकवली.

"बस ना जरा. घाई कसली?"

"तुम्ही मला बस म्हणताय?" रखवालदार म्हणाला. "तब्येत बरी आहे ना, काका?"

तो बसला आणि गुडघेदुखीपासून जावयापर्यंत सगळे सांगत राहिला. काका हुं हुं करत तारा जुळवत राहिले. कानात सूर होता तो काकूंचा, दोन वर्षांत मुरलेला.

दुसऱ्या दिवशी मुख्य बाई घरी आल्या. रेडिओवर आवाज चढवून त्यांना बोलावे लागले.

"काका, काल काटा विसरला होतात का? बासऱ्यांचा सूर वर आणि पियानोचा खाली. मुलं रडकुंडीला आलीत. परवा कार्यक्रम आहे." त्या जरा थांबल्या. "दमला असाल तर दुसऱ्या कोणाला सांगू का?"

चाळीस वर्षांत काकांना हे कोणी विचारले नव्हते. त्यांनी उठून रेडिओ बंद केला.

"उद्या सकाळी येतो," ते म्हणाले. "मात्र आत कोणी नको."

बाई गेल्यावर काकांनी दार लावले, टीव्हीही बंद केला आणि मला पिशवीतून काढून घरच्या पियानोपाशी बसले. घरचा पियानो खाली असेपर्यंत कान तिकडेच ओढ घेणार, हे त्यांना कळत होते. आणि काकूंचा सूर आता जगात फक्त त्या तारांत उरला होता.

त्यांनी त्या सुराची पट्टी दाबली. सूर पार विरेपर्यंत ऐकला. पुन्हा दाबली, पुन्हा ऐकला. असे किती वेळा, ते मी मोजले नाही. मग त्यांनी मला गुडघ्यावर आपटले आणि माझी मूठ पियानोच्या लाकडाला टेकवली. सगळी खोली त्या हेलकाव्याने भरून गेली.

"तुझा सूर उतरला होता गं," ते म्हणाले. "मी सांगितलं नाही तुला."

त्यांनी किल्ली लावली. हेलकावा मंद झाला, आणखी मंद झाला आणि थांबला. आता तारेतही मीच होतो. मित्रांनो, आपण बरोबर असल्याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते. काका खूप वेळ रडले. घरात ऐकायला कोणी नव्हते. पण डोळे पुसून झाल्यावर त्यांनी रेडिओकडे हात नेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रखवालदाराला सांगितले, "चल, बाहेर हो."

"आता बरे झालात," तो म्हणाला आणि दार ओढून घेतले.

पुढची काही वर्षे काका रोज सकाळी मला एकदा वाजवत. आवाज विरला तरी तसेच बसून राहत. डोळे कधी भरत, कधी नाही. पण आता ते त्या शांततेपासून पळत नसत.

काकाही गेले. मुलीने मला आपल्या घरी नेले. आता मी एका खणात कात्री आणि संपलेल्या बॅटऱ्यांबरोबर असतो. कधी कोणी मला टेबलावर आपटून म्हणते, "वाजतो की अजून," आणि लगेच मुठीत धरते. माझा शेवट कोणी ऐकत नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कधीतरी मला एका रिकाम्या खोलीत न्या, दार लावा, वाजवा आणि हात लावू नका. आवाज विरल्यावर जे उरते ते सुरुवातीला फार जड वाटेल. काकांनाही वाटले होते. तरी लगेच उठू नका.

तेल लावून मला पुसत जा, असेही मी खरे तर सांगायला हवे. खणात ओल आहे आणि माझ्या दांड्यांवर गंज चढू लागला आहे. गंजाने नादकाट्याचा सूर हळूहळू खाली येतो. पण ते राहू द्या. मला ठाऊक आहे, काकूंपर्यंत किती खाली यायचे आहे ते.