कण्हणारा नळ

दिवस पुरता उजाडला नव्हता, तरी केसरबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मेहकरहून पहिल्या बसने आलेली माणसं होती, रस्त्याकडेला बैलगाडी सोडून आलेली होती, कडेवर पोर आणि हातात रिकामी बाटली घेऊन आलेल्या बाया होत्या. सगळ्यांची तोंडं न्हाणीच्या दगडाकडे वळलेली. तिथे भिंतीतून एक पितळी नळ बाहेर आला होता. नळाला झेंडूचा हार घातला होता, कुंकू लावलं होतं, त्याच्या डोक्यावर भगवी शाल पांघरली होती. शालीखाली जलनाथ महाराजांचा उजवा हात होता.

"दयारामा," महाराज म्हणाले, "आलास का?"

नळ कण्हला. आधी बारीक, मग घोगरा, मग छातीतून उमाळा यावा तसा. भिंतीला टेकलेली माणसं चटकन पुढे सरकली, कारण भिंतही थरथरत होती.

"तुला तहान लागली आहे का?"

नळ पुन्हा कण्हला.

"बायकोवर राग आहे का?"

नळ गप्प. गर्दीतून सुस्कारा निघाला. "राग नाही बाप्पा," कुणीतरी म्हणालं, "भला माणूस होता."

केसरबाई उंबरठ्यावर बसून होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती फक्त ऐकत होती.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. जानेफळ गावात पाण्याची टाकी उभी राहिली आणि आळीत घरचा नळ पहिल्यांदा घेतला तो दयारामने. थोडीशी शेती, मूलबाळ नाही, नवरा-बायको दोघंच. "तुझं विहिरीवर जाणं बंद," तो म्हणाला होता आणि पाइप टाकायचा चर स्वतः खणला होता. पाणी सकाळी तासभर यायचं. तेवढ्यात आळीतल्या निम्म्या घागरी तिथे भरल्या जायच्या.

मग पावसाळा सरता सरता दयाराम तापाने पडला. एका दुपारी त्याने पाणी मागितलं. घरातलं पाणी शिळं, नळ गेलेला. आजाऱ्याला ताजं पाजावं म्हणून केसरबाई लोटा घेऊन विहिरीवर धावली. परत आली तेव्हा लोटा भरलेला होता आणि खाट शांत होती. आपल्या माणसाच्या तोंडात शेवटचं पाणी पडलं नाही, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण तिला लोटा घेऊन धावताना आळीने पाहिलं होतं.

नळ कण्हू लागला तो त्यानंतर महिन्याभराने. शेजारच्या वच्छलाबाईने पहिल्यांदा ऐकलं आणि तोंडावर पदर घेतला. "केसर, हा तं दयारामभाऊचा आवाज व. तापात असाच कण्हे."

ते ऐकून केसरबाई घाबरली नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. त्या दोन खोल्यांत दिवसभर कुणी बोलत नव्हतं. भाकरी एकच थापायची, दिवा एकट्यापुरता लावायचा. आता पहाटे कुणीतरी हाक मारत होतं. ती नळ थोडासाच उघडायची, बारीक धारेखाली घागर ठेवायची आणि बोलत बसायची. तुरीला फुलं आली, वच्छलाची गाय व्याली, असलं काहीबाही. नळ "ऊं ऊं" करायचा.

बातमी गावभर झाली आणि मोठे शेतकरी अर्जुनराव जलनाथ महाराजांना घेऊन आले.

महाराज कुठले ते कुणाला ठाऊक नव्हतं. बारा वर्षं पाण्याखाली तप केलं, असं ते स्वतः सांगत. कोणत्या पाण्याखाली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आपल्याकडच्या नद्यांत उन्हाळ्यात म्हशीचं पोटही भिजत नाही. त्यांचं प्रवचन मात्र पाठ होण्यासारखं होतं. "पाणी म्हणजे जीवन. जीव सुटला की पाण्याला मिळतो. पाणी ढगात, ढग धरणात, धरण टाकीत, टाकी पाइपात, पाइप नळात. आत्मा दुसरीकडे जाईल कुठे?"

"पण मग आमच्या बुढ्याचा आत्मा आमच्या नळात काऊन नाही आला?" एकाने विचारलं होतं.

"बाळा, प्रत्येक जिवाचं कनेक्शन वेगळं असतं."

लोकांनी माना डोलावल्या. मग महाराजांनी नळाच्या डोक्यावर शाल घातली, आत हात घालून आत्म्याची नाडी पाहिली आणि निकाल सांगितला. शेवटचं पाणी मिळालं नाही म्हणून हा जीव तहानेने इथे अडकला आहे. या घराचं देवस्थान झालं पाहिजे. केसरबाईने येत्या सोमवारी घराची किल्ली नळापाशी ठेवावी आणि जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या मठात दळण-स्वयंपाकाची सेवा करत राहावं. तेव्हाच दयाराम सुटेल.

शेवटच्या पाण्याची गोष्ट महाराजांच्या तोंडून ऐकली आणि केसरबाई खाली बसली. जे आपण कुणाला सांगितलं नाही ते यांना कसं कळलं? आळीत दोन दिवस चहा पीत बसलेल्या माणसाला काय काय कळतं, हा विचार दुःखात सुचत नाही. तिने सोमवार कबूल केला.

रविवारी सकाळी माणसं पांगल्यावर सिंधूताई घागर घेऊन आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, बौद्धवाड्यात राहायची. नळ लागला तेव्हा दयाराम तिला म्हणाला होता, "बाई, पहिली घागर तुमची. तुम्हाले शाळेत जायची घाई." त्यावर केसरबाई तेव्हा गप्प बसली होती. नंतर तिला सवय झाली.

आज घागर रिकामीच राहिली. महाराजांनी पाणी प्रसादासाठी राखलं होतं.

"मावशी," सिंधूताई म्हणाली, "एक सांगू? आमच्या शाळेचा नळ मागच्या साली असाच कण्हत होता."

"काय म्हणता बाई?"

"हाव. अर्धवट उघडला की कण्हायचा, पुरा उघडला की गप. मग शाळेच्या नळात कोण बसलं होतं?"

केसरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्हाले काय ठाव? मी त्यायच्यासंग चाळीस वर्षं काढले. मले त्यायचा आवाज वळखू येत नाही? जा तुम्ही. तुमची घागर दुसरीकडं भरा."

सिंधूताई वाद न घालता उठली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "जाते मावशी. पण किल्ली द्यायच्या आधी एकदा तुमच्या हातानं पाहा. माझं ऐकू नका."

तो सबंध दिवस केसरबाईने त्या नळाकडे पाठ करून काढला. बाई खोटं बोलत असेल तर उद्या घर जाणार होतं. बाई खरं बोलत असेल तर आवाज जाणार होता. यातलं जड कोणतं, हे तिला ठरवता येईना.

सोमवारी माणसं यायच्या आधी पाणी आलं. तिने नळ थोडा उघडला. "तहान लागली?" नळ कण्हला. तिने जरा आणखी फिरवला. धार मोठी झाली, आवाज बंद. पुन्हा मागे फिरवला. कण्हला. तिने काहीच न विचारता फिरवला. तरी कण्हला. मग ती त्या थंड पितळेवर हात ठेवून नुसती बसून राहिली. बाहेर बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज आला तेव्हा तिने नळ बंद केला.

महाराज बसले. शाल पांघरली गेली. ताटात किल्ली ठेवली होती. अर्जुनराव म्हणाले, "वैनी, काही इचारायचं असन तं इचारून घ्या."

केसरबाई पुढे आली. "महाराज, त्यायले इचारा, चांगुणाले बलावू काय? लय जीव होता तिच्यावर."

शाल किंचित हलली. नळ कण्हला, थांबला, पुन्हा कण्हला.

महाराजांनी डोळे मिटले. "बोलाव म्हणतो. त्या माउलीची माफी मागायची राहिली आहे. बहीण का?"

वच्छलाबाईच्या पदराआडून पहिलं हसू फुटलं. "म्हैस होती व माय. चांगुणा म्हैस. मरून किती वर्षं झाले तिले."

अंगणात हशा पिकला. पण महाराज मुरलेले होते. "हसा. म्हशीला आत्मा नसतो का?"

"हे बी खरं हाय," अर्जुनराव म्हणाले आणि लोक पुन्हा गंभीर झाले. माणसाला एकदा चमत्कार पाहायची सवय लागली की त्याला एका म्हशीने जाग येत नाही.

"मंग महाराज, शाल काढा," केसरबाई म्हणाली. "आज मी नाडी पायतो."

"शक्ती सोसणार नाही तुला."

"चाळीस वर्षं सोसली." तिने शाल उचलून बाजूला ठेवली आणि नळाचा दांडा धरला. "आयका सारे. हो म्हणायचं तं एवढं." नळ कण्हला. "नाही म्हणायचं तं एवढं." नळ गप्प झाला. "हो. नाही. हो." दांडा तिच्या हातात बरोबर फिरत होता.

आता कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "महाराजाचं कळलं. पण आवाज तं येऊनच राह्यला ना? तो कोणाचा?"

केसरबाईलाही तेच हवं होतं. तिने गर्दीत सिंधूताईला शोधलं. ती अंगणाच्या भिंतीपाशी उभी होती, तिच्या शाळेची पोरं भिंतीवर चढून बसली होती.

"बाई, उघडून दाखवा."

अर्जुनराव चुळबुळले. "वैनी, देवाचं काम हाय. बाईनं हात नाही लावला तं…"

"ह्या नळाची पहिली घागर त्यायनं बाईले देल्ली होती," केसरबाई म्हणाली. "त्यायले चालत होतं." आणि तिने कोनाड्यातला दयारामचा पाना आणून सिंधूताईच्या हातात दिला.

सिंधूताईने आधी भिंतीपाशी असलेला कॉक फिरवून घरात येणारं पाणी बंद केलं. मग पान्याने नळाचं डोकं सोडवलं आणि आतला दट्ट्या बाहेर काढला. दट्ट्याच्या टोकाला चामड्याची एक गोल चकती लोंबत होती. तिला धरून ठेवणारी बारकी चाकी, म्हणजे नट, सैल झाली होती.

"याला वायसर म्हणतात," ती सगळ्यांना दिसेल असं धरून म्हणाली. "नळ बंद केला की हा भोकावर दाबून बसतो आणि पाणी अडवतो." मग ती भिंतीवरच्या पोरांकडे वळली. "पिंपळाच्या पानाची पिपाणी वाजते, ती काऊन?"

"पान थरथरते, बाई," पोरं एका सुरात म्हणाली.

"बरोबर. हे चामडं झिजलं, सैल झालं. नळ थोडा उघडला की चिंचोळ्या वाटेनं पाणी जोरात येतं आणि हे त्याच्यात पानासारखं फडफडतं. पाइप थरथरतो, भिंत थरथरते. पुरा उघडला की वाट मोकळी झाली. पिपाणी बंद."

तिने एका पोराने धावत जाऊन आणलेल्या सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून नवा वायसर बसवला, चाकी आवळली, कॉक उघडला. केसरबाईने दांडा थोडा फिरवला, मग जास्त, मग पुन्हा थोडा. पाणी आलं. नुसतं पाणी.

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की महाराज जागेवर नाहीत. शाल मात्र तिथेच राहिली होती. दुपारपर्यंत वच्छलाबाईने ती पिळून गाईच्या अंगावर घातली.

अंगण रिकामं झालं. केसरबाईच्या तळव्यावर ती चामड्याची चकती होती. ती आत गेली. खाटेखाली दयारामच्या वहाणा होत्या, त्याने ठेवल्या तशाच. उजव्या वहाणेच्या टाचेत एक गोल तुकडा नव्हता. उंदरांनी कुरतडला, असं ती इतके दिवस समजत होती. तिने चकती तिथे ठेवून पाहिली. झिजली होती, तरी बसली.

आजारी पडायच्या आधी कधीतरी नळ गळत असणार. बाजारात जायचं कोण, म्हणून त्याने स्वतःची वहाण कापली होती. तिला सांगितलंही नव्हतं.

"त्यायचा हात होता बाई याच्यात," ती दारात उभ्या असलेल्या सिंधूताईला म्हणाली. "ते सोता नव्हते."

"हो, मावशी."

"अन् तहान?"

सिंधूताई तिच्याशेजारी खाली बसली. "तुम्ही पाणी आणायलाच गेल्या होत्या. लोटा घेऊन जाताना त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं ना?"

केसरबाईने वहाणा पुन्हा खाटेखाली ठेवल्या, चकती टाचेत तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सवयीने उठली आणि नळापाशी बसली. पाणी आलं, घागर भरत गेली, कुणी हाक मारली नाही. दयाराम गेला होता. इतके दिवस तो गेला नव्हता, म्हणून ती रडलीही नव्हती. आता ती रडली, घागर भरून वाहू लागली तरी रडली. मग दाराची कडी वाजली. सिंधूताई घागर घेऊन उभी होती. केसरबाईने स्वतःची घागर बाजूला ओढली आणि तिच्या घागरीला जागा करून दिली.

घरातलं माणूस गेलं की घर मोठं होतं, आणि मोठ्या घरात प्रत्येक आवाज आपल्याशी बोलतोय असं वाटतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तो आवाज कुणी शालीखाली झाकला आणि त्याचा अर्थ फक्त मलाच कळतो म्हणाला, तर शाल उचला. आपल्या हाताने फिरवून पाहा, उघडून पाहा. आत तुमचं माणूस नसेल. त्याच्या हाताचं काम कदाचित सापडेल, आणि तेवढं खरं असेल.