आधी पाणी, मग विस्तव

मी तांब्याचा एक जुना बंब आहे. आयुष्यात मला एकदाच कोरडं पेटवलं गेलं. सुभद्राबाई गेल्याची बातमी घरात आली, ती त्याच सकाळी.

पौष महिना होता. बडनेऱ्यात तेव्हा इतकी थंडी होती की दोरीवरचे कपडे सकाळी ओलेच सापडत. सुभद्राबाईंच्या छातीत कफ दाटला होता आणि तीन दिवस त्या अमरावतीच्या दवाखान्यात होत्या. लेक वर्षाली अकोल्याहून येऊन त्यांच्याजवळ बसली होती. तिनेच आदल्या संध्याकाळी बापाला घरी पाठवलं होतं. सकाळी आंघोळ करून आईसाठी पातळ खिचडी घेऊन या, म्हणाली होती.

सुभद्राबाईंचे यजमान खुशालराव नेहमीसारखे पाच वाजता उठले. डोक्याला मफलर गुंडाळला. पऱ्हाटीच्या काड्या मोडल्या, माझ्या मधल्या नळ्यात घातल्या आणि पेटवल्या. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणारी वाळकी झाडं. आमच्या वऱ्हाडात हिवाळ्यात तीच जळते. मग ते हात शेकत माझ्यासमोर बसले.

मित्रांनो, माझ्यात पाणी नव्हतं. मला संध्याकाळी भरायचं काम सुभद्राबाईंचं आणि सकाळी पेटवायचं काम खुशालरावांचं. एक्केचाळीस वर्षं असंच चाललं होतं. या माणसाने माझं झाकण एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. पेटवलं की पाणी तापतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वर्षाली रडत होती. "बाबा, आई गेली." खुशालराव "हो" म्हणाले. नंतर फोन बंद न करताच उठले आणि चप्पल न घालता बाहेर गेले. मी जळत राहिलो. कोरडा तांबा तापला की एक कडवट वास सुटतो, तो न्हाणीभर पसरला. माझ्या तोटीचा डाग, म्हणजे जोड, वितळला. तोटी तिरकी होऊन लोंबू लागली. काड्या संपल्या तेव्हा विस्तव आपोआप विझला. त्या घरातून नेमकं काय गेलं, हे मला नंतर कळत गेलं.

माझा जन्म अचलपूरचा. तिथे तांब्याची भांडी घडवणारे अब्दुल गफ्फार तेव्हा पंचविशीत होते. त्यांचे वडील शेजारी बसून नुसतं बघत होते. पत्रा ठोकला, वाकवला, सांधा बसवला, आतून कल्हई केली, सगळं गफ्फारभाईंनीच. त्यांनी एकट्याने केलेला मी पहिला बंब. वडिलांनी मला बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक है." त्या घरात याहून मोठी शाबासकी नव्हती.

सुभद्राबाईंच्या माहेरच्यांनी मला आंदण म्हणून दिलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीच्या टपावर चढलो. कंडक्टरने खालून पाहिलं आणि बाईंच्या वडिलांना म्हणाला, "काय मामा, बडनेऱ्याले पोरीसंग इंजिन देऊन राहिले काय? रूळ बी द्या मंग!" सगळी गाडी हसली. नवरीही पदराआड हसली.

खुशालरावांच्या घरामागे त्यांची भाजीची वाडी आहे. वाडीच्या तोंडाशी न्हाणी आणि न्हाणीत मी. भाजी उजाडायच्या आत अमरावतीच्या बाजारात पोचावी लागे, म्हणून या घराची सकाळ लवकर होई. चिखलाचे पाय, गारठलेले हात, सगळ्यांना माझंच पाणी लागायचं. वर्षालीला शाळेत जाण्यापूर्वी माझ्याजवळ बसूनच पाढे पाठ करायची सवय होती. दिवाळीच्या पहाटे शेजारच्या चंदाबाई बादली घेऊन येत. "सुभद्राबाई, तुमच्या बंबाचं पाणी अंगावर पडलं की सासूचा राग बी उतरते," असं म्हणत.

बंबाचा एक नियम असतो. तोटीतून एक बादली ऊन पाणी काढलं की वरून एक बादली गार पाणी ओतायचं. म्हणजे मागच्या माणसाला पाणी पुरतं आणि बंबही कोरडा पडत नाही. खुशालराव काढून घेत. ओतायचं मात्र सुभद्राबाईंनी.

"अवो, तुमी काढून घेता, ओतत काहून नाई?"

"तू हायस ना."

"मी नसली तं?"

"कुठं जातं तू?"

असं बोलून ते अंगावर पाणी घेत आणि बाई कुरकुरत बादली ओतत. हे मी किती वेळा ऐकलं ते सांगता येणार नाही.

मग मी म्हातारा झालो. घरात पाणी तापवायची विजेची कांडी आली. उन्हाळ्या-पावसाळ्यात माझ्यावर ओली पोती वाळत पडू लागली. माझी तोटी गळायला लागली, आतली कल्हई उडाली. दर हिवाळ्यात बाई आठवण करून देत.

"बंब अचलपूरले नेऊन द्या वो. तोटी गळून राहिली."

"नेतो."

"कधी?"

"पालक निघू दे."

"पालक निघते आन कोथिंबीर येते. तुमीच तेवढे घरातून निघत नाई."

खुशालराव हसत. माणूस वाईट नव्हता. त्यांना वाटायचं, हिवाळे पुष्कळ आहेत.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी वर्षालीची मुलगी खुशी पाणी घ्यायला न्हाणीत आली, तर तोटी तिच्या हातात आली. वर्षाली धावत आली.

"बाबा, बंबाले काय झालं?"

"कोरडा पेटला."

"कोणी पेटवला?"

"मीच."

"आत पाह्यलं नाई काय?"

"तुही माय भरे," खुशालराव म्हणाले.

वर्षाली तिथेच दगडावर बसली. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "बाबा, अकोल्याले चाला. तुमाले साधा चहा येत नाई. गॅस चालू राहून गेला तं कोण पाहीन?"

"वाडी कोण पाहीन?"

"आता वाडी! सत्तरीचे झाले तुमी."

"अडुसष्ट."

"बरं, अडुसष्ट. दोन हप्त्यानं मी येईन. घर घरासारखं दिसलं तं रहा. नाई तं बॅग भरून ठेवा. वाडी बटईनं देऊन टाकू, अर्ध्या वाट्यावर. आन हा बंब मोडीत द्या."

खुशालरावांनी मान हलवली. नंतर पुष्कळ वेळ ते वाडीकडे पाहत उभे होते. अकोल्याला गेलेला माणूस आता परत येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

पुढचे दिवस मी न्हाणीतून पाहत होतो. खुशालराव सकाळी उठत आणि काय करायचं ते न सुचून अंगणात उभे राहत. एक दिवस अंगणाच्या खराट्याने घर झाडत होते. चंदाबाईंनी कुंपणावरून पाहिलं.

"भाऊजी, थो खराटा हाय. घरात नाई चालत."

"मंग झाडू कुठं रायते?"

"तुमच्या घरातला झाडू मले विचारता?"

चंदाबाई मग स्वतःच आत जाऊन दारामागचा झाडू काढून देऊन गेल्या.

भाकरीचं तसंच. ज्वारीचं पीठ तुटत होतं, थापलं की चार तुकडे होत होते. खुशालराव तव्यावर तेच भाजून खात होते. चंदाबाई म्हणाल्या, "पीठ गार पाण्यानं भिजवलं काय? थंडीत ऊन पाणी लागते भाऊजी, तव्हा कुठं पीठ धरते." पाहुण्यांच्या गर्दीत विजेची कांडी जळाली होती, म्हणून आंघोळीला ते गॅसवर गंजात, म्हणजे उंच पातेल्यात, पाणी तापवत. एकदा गंज उचलून आणताना पाणी पायावर सांडलं. पायाला फोड आले. त्या दिवशी त्यांनी आंघोळ केली नाही. न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून माझ्याकडे पाहत राहिले. मग पहिल्यांदाच माझं झाकण उघडलं आणि आत डोकावले. आत काही नव्हतं. काळा पडलेला तांबा तेवढा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पोत्यात बांधलं. आधी बडनेऱ्याहून अमरावती, मग परतवाड्याची गाडी, तिथून अचलपूर. पायाच्या फोडावर फडकं बांधलेलं होतं. मला खांद्यावर घेऊन ते मधेमधे थांबत होते. एक्केचाळीस वर्षांत मी पहिल्यांदा माझ्या गावी परत चाललो होतो, पण मला आनंद होत नव्हता. दुरुस्त झालो नाही तर काय, हे मलाही माहीत होतं.

अब्दुल गफ्फार आता म्हातारे झाले आहेत. दुकानात त्यांचा मुलगा इमाद स्टीलची भांडी विकतो. भाई मागच्या पडवीत बसलेले असतात. त्यांनी पोतं सोडलं, माझ्या तळाशी असलेली आपली खूण पाहिली आणि लगेच ओळखलं. मग आतून बोट फिरवलं.

"सूखा जलाया है. किसने?"

"मीच."

"भाभी ने टोका नहीं?"

"त्याच सकाळी गेली, भाई. भराचं काम तिच्याकडं होतं."

भाईंनी बोट बाहेर काढलं. "बैठो," म्हणाले. आतून चहा आला. दोघं म्हातारे चहा प्यायले. मग भाई म्हणाले, "इमाद बोलता, अब्बा, हाथ हिलते, काम मत लो."

"मंग राहू दे."

"राहू कैसे दे? मेरा बंब है." त्यांनी शेगडी पेटवायला लावली. त्यांचे हात खरंच हलत होते. तोटी दोनदा सरकली. तिसऱ्यांदा खुशालरावांनी पकड धरली आणि भाईंनी डाग भरला. सांधा ओबडधोबड झाला. पाणी ओतून पाहिलं, एक थेंब गळला नाही.

"दुबारा सूखा जलाया तो पत्रा फट जाएगा," भाई म्हणाले. "तब मेरे पास मत लाना."

"नाई आणत."

"पहले क्या?"

"पहिले पाणी," खुशालराव शाळेतल्या मुलासारखे म्हणाले.

वर्षाली ठरल्याप्रमाणे रविवारी आली. सोबत खुशी होती. सकाळच्या गाडीने दोघी गारठत उतरल्या होत्या. खुशालरावांनी आदल्या संध्याकाळी नळ आला तेव्हा मला भरून ठेवलं होतं. सकाळी पेटवण्यापूर्वी त्यांनी झाकण उघडून पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. अंगण झाडलेलं होतं. गोधड्या उन्हात टाकल्या होत्या. चुलीवर वांगी भाजायला ठेवली होती, भरताला. भाकऱ्या जाड होत्या, पण अख्ख्या होत्या.

खुशीची आंघोळ झाली. मग वर्षालीने तोटी सोडून आपली बादली भरली. ती बादली उचलते तोच खुशालराव गार पाण्याची बादली घेऊन आले, झाकण उघडलं आणि माझ्यात ओतली.

वर्षाली पाहतच राहिली. "हे कोणी शिकवलं तुमाले?"

"एक्केचाळीस वर्षं आयकून राहिलो होतो," ते म्हणाले. "आता केलं."

वर्षाली न्हाणीचं दार लावून बराच वेळ आत होती. पाणी ओतल्याचा आवाज येत नव्हता. मी तिच्या शेजारीच होतो, पण ती काय करत होती ते सांगत नाही.

जेवण झाल्यावर ती वाडीत फिरून आली. बॅग भरली का, हे तिने विचारलं नाही. वेगळंच विचारलं.

"बाबा, कोपऱ्यातला मेथीचा वाफा काहून नाई काढला?"

"तुह्या मायनं पेरला होता तो."

"मंग?"

"कापाले मले येते. जुडी बांधता येत नाई. थेच बांधे."

"मी बांधून देतो ना."

"नोको. राहू दे आता."

जाताना म्हणाली, "मी दर पंधरा दिवसानं येईन. फोन खिशात ठेवत जा." मग माझ्यावरून हात फिरवला आणि खुशीला घेऊन स्टेशनकडे गेली.

मित्रांनो, मी काही शिकलेला नाही. मी एक पाणी तापवायचं भांडं आहे. पण एवढं सांगतो. तुमच्या घरात काही कामं आपोआप होत असतील. माठ भरलेला असेल, कपडे घडी घातलेले असतील, सकाळी ऊन पाणी मिळत असेल. ती आपोआप होत नाहीत. कोण करतं ते बघून ठेवा. त्या माणसाजवळ बसून काम शिकून घ्या, तो माणूस घरात आहे तोवर. आणि घरातलं एखादं जुनं भांडं गळत असेल तर पुढच्या हिवाळ्यावर टाकू नका.

खुशालराव बडनेऱ्यालाच आहेत. रोज संध्याकाळी मला भरतात आणि सकाळी पेटवतात. वांगी आणि फुलकोबी बाजारात नेतात, कारण त्यांच्या जुड्या बांधाव्या लागत नाहीत. मेथीला आता फुलं आली आहेत. तो वाफा काढायचा राहिला आहे.