पाटकरीचं सहकुटुंब निमंत्रण

डोणगावात हिंमतराव म्हणजे निमंत्रणाचा माणूस. लग्न कोणाच्याही घरचं असो, पत्रिका आधी कोणाला द्यायची, कोणाच्या घरी बसून चहा घ्यायचा आणि कोणाच्या दारातूनच परत फिरायचं, हे त्यांना विचारल्याशिवाय गावात पान हलत नसे. सोयाबीन-तुरीतून उरलेला सगळा जीव ते याच कामात घालत. त्यामुळे पोरीनं त्यांच्यासमोर मोबाइल धरून "बाबा, हे पाहा शेगावच्या मीटिंगचं निमंत्रण. आत्ताच सगळ्याईले पाठवलं," म्हटलं, तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं.

"याले निमंत्रण म्हणते का तू? हे त गुड मॉर्निंगचं चित्र झालं! बोटानं वर सारलं की संपलं!"

प्रतीक्षा हसली. बापाचा राग तिला पाठ होता. दुधासारखा वर यायचा आणि फुंकर मारली की खाली बसायचा. पण या खेपेला तो बसला नाही, आणि त्याला तसंच कारण होतं.

पुण्यातली चांगली चालती नोकरी सोडून प्रतीक्षा गावात परत आली होती आणि बाजारातल्या दोन खोल्यांत तिनं कंपनी काढली होती. नाव ठेवलं 'पाटकरी'. पाटाचं पाणी वावरावावरात वाटून देतो तो पाटकरी. हिचा पाटकरी म्हणजे वावरात रोवायचा एक हिरवा डबा. मातीत ओल किती आहे ते तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर सांगायचा आणि म्हणाल तेव्हा मोटार चालू-बंद करायचा. डबा गुणाचा होता. मेहकर, सिंदखेडराजा, चिखली, तिकडच्या कृषी केंद्रांतून तो भराभर विकला गेला. भानगड त्यानंतरची. डब्याची रेंज गेली, वायर उंदरानं कुरतडली, की कंपनीतून त्या गावच्या कृषी केंद्रवाल्याला मेसेज जायचा, अमक्याचा डबा पाहून घ्या म्हणून. मेसेज जायचा आणि तिकडंच पडून राहायचा. फोन लावावा तर उचलायला कोणी नाही. शेवटी शेतकरी वैतागून डबा उपटायचा आणि तो प्रतीक्षाच्या टेबलावर आणून आदळायचा.

पुण्याला प्रेमानंद नावाचे एक सल्लागार होते. छोट्या कंपन्यांनी मोठं कसं व्हावं, ते सांगायचे. त्यांनी तिला सांगितलं, की माल चांगला असून भागत नाही, माणसं जोडावी लागतात. सगळ्या केंद्रवाल्यांना एकदा एका ठिकाणी बसवा, त्यांची एकमेकांशी ओळख करून द्या, निरोप कोणी घ्यायचा आणि उत्तर कोणी द्यायचं ते ठरवा. आणि हे जमलंच नाही, तर सरळ ऑफिस पुण्याला हलवा, तिथं फोन सांभाळणारी माणसं हवी तेवढी मिळतात.

प्रतीक्षानं हे जेवताना सांगितलं. "शेगावची मीटिंग फसली त दिवाळीनंतर कंपनी पुण्याले न्या लागन, बाबा. मले दुसरा रस्ता दिसत नाही."

हिंमतरावांनी हातातला घास ताटात ठेवला. "धंद्याचं तुले जास्त समजते," एवढं बोलून ते हात धुवायला उठले. पण आतून माणूस पार हलला. पोरगी परत आल्यापासून घराला घरपण आलं होतं. संध्याकाळच्या चहाला भांडायला कोणीतरी होतं. आता ही मीटिंग फसता कामा नये, बस्स, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. आणि ज्या माणसाला निमंत्रण सोडून दुसरं काही येत नाही, तो दुसरं करणार काय?

ते मेहकरच्या प्रेसवर गेले. प्रेसवाल्याकडं सगळे साचे लग्नाचेच. वर गणपती, कडेनं तोरण, खाली 'आपले विनीत'. मधल्या जागेत 'पाटकरी कंपनीचा स्नेहमेळावा, शेगाव' असं घातलं, आणि शेवटची ओळ साच्यात होती तशीच राहू दिली, 'तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून कार्याची शोभा वाढवावी'. प्रेसवाल्यानं विचारलं, "काका, हे ठेवू का काढू?"

"ठेव बे. त्याच्याबिगर पत्रिका उघडीबोडकी दिसते."

मग मोटारसायकलवर मागं मंजुळाबाईंना घेऊन स्वारी निघाली. बायको कशाला? तर पत्रिका द्यायला घरात जायचं आणि घरच्या बाईला कुंकू लावायचं नाही, ही कुठली रीत! हिंमतरावांनी दुकानात पत्रिका द्यायची, मंजुळाबाईंनी आत जाऊन कुंकू लावायचं आणि "या बरं का, नक्की या," म्हणायचं. दुसरबीडला निवृत्तीच्या कृषी केंद्रावर गेले तेव्हा निवृत्ती नव्हताच. त्याची बायको संजीवनी एका हातानं बियाण्याची पिशवी मोजून देत होती, दुसऱ्या हातानं पोराला धरून होती. मंजुळाबाईंनी तिला तिथंच काउंटरवर कुंकू लावलं. प्रतीक्षाला सहकुटुंबाचं, कुंकवाचं काही ठाऊक नव्हतं. बाबा पत्रिका वाटून राह्यले, तेवढाच त्यांचा जीव रमते, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

शेगावच्या लॉजच्या खालचा हॉल तिनं ठरवला होता. खुर्च्या मोजून मांडलेल्या, प्रत्येकासाठी गळ्यात अडकवायची नावाची चिठ्ठी, भिंतीवर प्रोजेक्टर. प्रेमानंद सकाळच्या गाडीनं उतरले होते आणि मोठ्या खुशीत होते. इतक्यात बाहेर पहिली क्रूझर थांबली.

तीतून केंद्रवाला उतरला. त्याच्यामागं त्याची बायको उतरली, आई उतरली, तीन पोरं उतरली, आणि शेवटी मेव्हणी. दुसऱ्या गाडीतून तोच प्रकार. मग एक टेम्पो आला, त्यातून तर अर्धी आळीच उतरली. शेगावला जायचं, महाराजांचं दर्शन घ्यायचं, आणि वरून कुंकू लावून बोलावणं आलेलं; घरी बसायला कोण वेडं होतं? एका म्हातारीनं तर खणाचं कापड आणलं होतं. "नवरी कुठं आहे बाप्पा?" ती दारातच विचारत होती. "पत्रिकेत नवरदेवाचं नाव छापाचं राह्यलं वाटते!"

प्रतीक्षाचा चेहरा पांढरा पडला. तिनं बापाच्या हातातली उरलेली पत्रिका ओढली, शेवटची ओळ वाचली.

"बाबा! सहकुटुंब? मी फक्त दुकानदार बोलावले होते!"

"अवं, पत्रिकेत असतेच तसं…"

"अन् या बाया? याईले कोणी बोलावलं?"

"म्या बोलावलं," मंजुळाबाई ठसक्यात म्हणाल्या. "कुंकू लावून. दारात जाऊन बाईले न बोलावता वापस येते का कोणी?"

प्रतीक्षानं पत्रिका घडी करून परत बापाच्या हातात ठेवली, आणि हिंमतरावांना तेच जास्त लागलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आत हॉलमध्ये पोरं खुर्च्यांवरून उड्या मारत होती. नावाच्या चिठ्ठ्या कोणी गळ्यात, कोणी पोराच्या कपाळाला बांधल्या होत्या. जेवण पुरणार नाही, हे तर आंधळ्यालाही दिसत होतं. हिंमतराव बाजाराकडं पळाले. पळता पळता त्यांना एकच दिसत होतं: खोल्यांना कुलूप, टेम्पोत सामान, आणि पुण्याची एसटी. आपल्याच हातानं केलं आपण हे! काय गरज होती शहाणपणाची? एका मोबाइलच्या चित्रानं भागलं असतं. कचोरीवाल्यानं टोपल्या भरेपर्यंत त्यांनी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

टोपल्या घेऊन ते हॉलच्या दारात आले तेव्हा प्रेमानंद बोलत होते. केंद्रवाले पुढं बसले होते आणि निम्मे मोबाइलमध्ये बुडाले होते. बाया भिंतीकडेला सतरंजीवर.

"कंपनीचा मेसेज आला, की तुम्ही नेमकं काय करता?" प्रेमानंदांनी विचारलं.

निवृत्तीनं भोळेपणानं मान वर केली. "मेसेज येते का?"

हशा पिकला. तेवढ्यात सतरंजीवरून संजीवनीचा आवाज आला. "येते ना! पण तुमच्या खिशातल्या फोनवर येते, अन् तुम्ही दिवसभर बाजार समितीत नाहीत त खतासाठी जालन्याले. दुकानात कोण राह्यते?"

निवृत्तीनं मान पुन्हा मोबाइलमध्ये घातली. प्रतीक्षा मात्र ताठ उभी राहिली. "कोण राह्यते, ताई?"

"दुसरं कोण? मीच! डबा बंद पडला की शेतकरी येऊन माह्यावर वसकते. मी कोणाले सांगू? तुमचा नंबर माह्याजवळ नाही, अन् माहा तुमच्याजवळ नाही. सासूबाई म्हणतात, हा हिरवा डबा म्हणजे नुसता डोक्याले ताप!"

"आमच्या इथं बी तेच हाय," लोणारकडच्या कलाबाई बोलल्या. त्यांच्या मालकानं लगेच चप्पल शोधायला खाली पाहिलं.

मग प्रतीक्षानं विचारलं, "दुकानात दिवसभर स्वतः बसता अशा किती जणी आहेत? हात वर करा बरं." सतरंजीवर हातांचं शेतच उगवलं. तिनं प्रोजेक्टर बंद केला, पिशवीतून डबा काढला आणि थेट त्या बायांच्या मधोमध मांडी घालून बसली. झाकण उघडलं. ही लाल बत्ती लागली म्हणजे रेंज नाही, ही वायर निसटली की मोटार चालत नाही, हे बटण धरून ठेवलं की डबा पुन्हा जागा होतो. बायांनी असे प्रश्न विचारले, की प्रेमानंद आपलं भाषण सोडून जवळ येऊन उकिडवे बसले.

पुढचं काम तर कोणी ठरवलंच नाही. बाया म्हटल्या की पहिला प्रश्न माहेरचा. संजीवनीचं माहेर निघालं कलाबाईंच्या शेजारच्या गावचं. कलाबाईंची नणंद दिली होती चिखलीकडं, तिथंही कृषी केंद्र. कोणाची मावशी मेहकरला, कोणाची वहिनी देऊळगावात. मग जास्तीचा डबा कोणाकडं ठेवायचा, तो कोणत्या एसटीत कंडक्टरजवळ द्यायचा, पलीकडं उतरवून कोण घेणार, हे कचोरी खाता खाता पक्कं झालं. नंबर लिहिले गेले, ग्रुप निघाला.

तेवढ्यात प्रतीक्षाचा मोबाइल वाजला. दुसरबीडच्याच गोकुळभाऊच्या वावरातला डबा बंद पडला होता. तिनं तो मेसेज नव्या ग्रुपवर टाकला आणि वाट पाहत बसली. संजीवनीनं घरी जावेला फोन लावला. "अवं, गोकुळभाऊच्या वावरात जा बरं, लाल बत्ती लागली का, वायर निसटली का, पाह्य." सगळा हॉल तिच्या तोंडाकडं बघत होता. कचोरी हातातली हातात. थोड्या वेळानं फोन वाजला. संजीवनीनं ऐकलं आणि तोंडभर हसली. "वायर निसटली होती. लावली म्हणते. मोटार चालू झाली!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. हिंमतरावांना काय करावं सुचेना, त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कचोरी भरवली.

संध्याकाळी गाड्या एकेक करून देवळाकडं निघाल्या. म्हातारीनं खणाचं कापड नेलं नाहीच. "आज नाही त उद्या कामात येईन," म्हणून प्रतीक्षाच्या हातात कोंबलं. प्रेमानंद निरोप घेताना म्हणाले, "हिंमतराव, एक सांगा. घरच्या बायकांना बोलावायची कल्पना कोणाची? मी वीस वर्षं हे काम करतोय, मला कधी सुचली नाही."

हिंमतरावांना खोटं बोलायचा मोह झाला, पण जमलं नाही. "कल्पना कशाची, साहेब. प्रेसवाल्याच्या साच्यात होतं, अन् मंडळीले कुंकू लावल्याबिगर चैन पडत नाही." प्रेमानंद खो खो हसले.

प्रतीक्षा सतरंज्या घडी करत होती. हिंमतराव दुसरं टोक धरायला गेले. विचारायची छाती होत नव्हती, तरी विचारलं. "मंग? पुण्याचं कसं करते?"

"पुण्याचं रद्द. फोन उचलणाऱ्या बाया इकडं, त ऑफिस तिकडं नेऊन काय करू?"

त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. पण मनुष्यस्वभाव कसा असतो पाहा, लगेच दुसरंच टोचलं. "म्हणजे धंद्यासाठी राह्यली तू. फक्त धंद्यासाठी."

प्रतीक्षानं सतरंजीचं टोक खाली सोडलं. "मंग अजून कशासाठी राहू? मी जेवताना सांगितलं पुण्याले जाईन म्हणून, तुम्ही हात धुवाले गेले. चार तालुक्याच्या घराघरात जाऊन या-या म्हणत फिरले, बाबा. मले कधी एका शब्दानं म्हटलं का, राह्य म्हणून?"

हिंमतराव सतरंजीचं टोक धरून तसेच उभे राहिले. मंजुळाबाई तिकडून पाहत होत्या, त्याही मध्ये पडल्या नाहीत. आयुष्यभर लोकांना बोलावणाऱ्या माणसाला दोन शब्द सापडेनात. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"राह्य, माय," ते म्हणाले. "तुह्याबिगर घर खायाले उठते मले. धंदा चालो का न चालो. राह्य."

"आता कसं!" प्रतीक्षा म्हणाली. तिचाही आवाज धड राहिला नव्हता. तिनं पटकन खाली वाकून सतरंजीचं टोक उचललं. "धरा नीट. अजून चार सतरंज्या राह्यल्या."